उभं राहण्याचे दहा गुण

मार्चमध्ये वर्ध्याला जाऊ नकोस, असं मला चौघांनी बजावलं. त्यातले तिघे वर्ध्याला कधी गेलेलेच नव्हते आणि चौथा एकदा फलाटावर उतरून संत्री घेऊन परत गाडीत चढला होता. म्हणून मी गेले.

कारण साधं होतं. मी पुण्याला विद्यापीठात दोन विषय शिकवते, रंगभूमीचा इतिहास आणि अपंगत्वाचा अभ्यास. हे दोन एकत्र कसे, असं लोक विचारतात. मी सांगते की आपल्या नाटकांत आंधळे राजे, लंगडे कारस्थानी आणि बहिरे सासरे पोत्यांनी सापडतात, पण आंधळा, लंगडा किंवा बहिरा नट शोधायला कंदील घ्यावा लागतो. या दोहोंच्या मधल्या जागेत माझी नोकरी आहे. तर वर्ध्याच्या एका नाट्यविभागाने मला चार दिवसांसाठी बोलावलं होतं. आधी वर्ग घ्यायचा आणि शनिवारी एम.ए.च्या प्रात्यक्षिकाला बाहेरची परीक्षक म्हणून बसायचं.

बुधवार, सिंदी मेघे

स्टेशनवर विभागप्रमुख भोयर सर स्कूटर घेऊन आले होते. स्कूटर डावीकडे पुरती झुकवल्याशिवाय सुरू होत नसे. ती झुकली की मीही झुकायची, आणि माझ्या मांडीवरची बॅग रस्त्याच्या इतकी जवळ जायची की समोरचा भाजीवाला दर वेळी हात पुढे करायचा. चौथ्या झुकण्याला आम्ही निघालो. सर मागे वळून गप्पा मारत चालवायचे. रस्त्याकडे बघायचं काम त्यांनी मनातल्या मनात माझ्यावर सोपवलं असावं.

त्यांचं घर सिंदी मेघेला. शिक्षक, कारकून, बँकेतली माणसं यांची नीटनेटकी वस्ती. प्रत्येक फाटकामागे एक तुळस आणि एक कूलर. भोयर वहिनींनी गरम पोह्यांची बशी पुढे ठेवली आणि विचारलं, "सांबार टाकू का पोह्यांवर?"

पोह्यांवर सांबार! पण पाहुण्याने पहिल्याच सकाळी तोंड वाकडं करू नये. मी म्हटलं, "वेगळं वाटीत द्या."

वहिनींनी माझ्याकडे एकवार नीट बघून घेतलं. मग आतून वाटीभर बारीक चिरलेली कोथिंबीर आली, वर खोचलेल्या चमच्यासकट. इकडे कोथिंबिरीलाच सांबार म्हणतात, हे मला त्या वाटीकडे बघताना कळलं. आता माघार घेणं शक्य नव्हतं. मी चमच्याने तीन घास कोथिंबीर खाल्ली आणि छान आहे म्हटलं. पुण्याकडे कोथिंबीर अशीच खातात, अशी त्या घराची समजूत झाली. दुसऱ्या दिवशी वाटी आली ती मोठी होती.

वर्गात अकरा विद्यार्थी. दारालगत एक तीनचाकी सायकल, हाताने फिरवायच्या पॅडलची, आणि तिच्यावर बसलेली वनिता. दोन्ही पायांना लहानपणी पोलिओ झालेला, वय तेवीस-चोवीस, आवाज असा की छतावरची पाल जागा सोडेल. ती बाकावर येत नसे. सायकल दारात, ती सायकलवर, आणि ज्याला बाहेर जायचं असेल त्याने तिची परवानगी काढायची.

मी खडी गंमत शिकवायला घेतली. विदर्भातला हा लोकनाट्याचा प्रकार मी वीस वर्षं शिकवते आहे. शाहीर, ढोलकी, बाईच्या वेषातला नाच्या, मागे सूर लावून झील धरणारे, आणि सगळा खेळ उभ्याने. "उभ्याने करायची म्हणून खडी," मी फळ्यावर लिहिलं. "म्हणजे नावातच अट घातलेली आहे. ज्याला उभं राहता येत नाही, त्याला या खेळात जागा नाही."

पुण्यात या वाक्याला माना डोलतात आणि पेनं चालतात. इथे दारातून खळखळून हसू आलं.

"हसायला काय झालं?"

"मॅडम, माह्या आईचे मामा किसन शाहीर. वडनेरले राह्यतात. तीस वर्षं झाले, बसूनच खडी गंमत करून राह्यले. जिनिंगात पाय गेला त्यांचा. तुम्ही लिहिलेलं त्यांले वाचून दाखवू का?"

सगळा वर्ग हसला. मीही हसले, पण माझं हसू जरा उशिरा आलं.

तास संपल्यावर तिने सायकल आडवी घालून मला दारातच अडवलं. "मॅडम, शनिवारच्या यादीत माह्यं नाव नाई. मले प्रात्यक्षिक नाई देऊन राह्यले. निबंध लिही म्हनतात."

"सवलत आहे ती."

"मी मागतली होती का?"

भोयर सर मागेच उभे होते. माणूस भला, पण नियमापुढे पातळ होणारा. त्यांनी मला कार्यालयात नेऊन दोन कागद दाखवले. पहिल्यावर गुणांचे रकाने: आवाज, पाठांतर, वेषभूषा, आणि 'रंगमंचावर उभं राहणं : १० गुण'. दुसऱ्यावर एक ओळ: 'अपंग विद्यार्थ्यांना प्रात्यक्षिकाऐवजी निबंध लिहिण्याची सूट देण्यात यावी.'

"आता तुम्हीच सांगा मॅडम. उभं राहण्याचे दहा मार्क तिले कुठून द्यायचे? रकाना रिकामा ठेवला तं वरून कागद परत येतो. त्यापेक्षा ही सूट बरी. कोण्या सहृदय माणसानं लिहिली असंल."

तो सहृदय माणूस मी होते. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तीन विद्यापीठांनी मिळून हा अभ्यासक्रम आखला, त्या समितीत मी होते. रकानाही माझा आणि सूटही माझी. ओळ लिहून झाल्यावर मी स्वतःवर खूश होऊन दुसरा चहा मागवल्याचंही मला आठवलं. भोयर सरांना यातलं काही मी सांगितलं नाही. "बघू," म्हटलं.

वनिता विभागाच्या फाटकाशी वाट बघत होती. "मॅडम, सौदा करू. उद्या वडनेरले चला. मामाआजा बसून खडी गंमत करतो हे डोळ्यानं पाहा. खोटं निघालं तं मी निबंध लिहितो. खरं निघालं तं शनिवारी माह्या प्रवेश पाहायचा."

दोन वर्षं शिकून निबंधावर पास झालेल्या मुलीला नाटक शिकवायला कोण ठेवणार, हे तिने सांगितलं नाही. मलाच ठाऊक होतं. नेमणुकीच्या मुलाखतींना मीही बसते.

गुरुवार, जाम

वनिताच्या वडलांचं जामला चौकात दुकान. ट्रकवाल्यांना लागणारं दोरखंड, ताडपत्री, साखळ्या. ते माल न्यायला वर्ध्याला आले होते, त्यांच्याच टेम्पोतून आम्ही निघालो. पुढे वडील, मी आणि वनिता. मागे ताडपत्र्यांवर तीनचाकी बांधलेली. बांधणी दुकानदाराची असल्याने वाटेत टेम्पो हलला, आम्ही हललो, सायकल हलली नाही.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापसाची शेवटची वेचणी उरकलेली पऱ्हाटी उभी, मधेच पिवळा गहू आणि आग ओकणारा पळस. मला असं काही दिसलं की बोलायचं सुचत नाही, म्हणून मी ऊन फार आहे म्हटलं. वडील म्हणाले, "हे ऊन नाई बाई, हे तं सुरुवात आहे. ऊन पाहायचं असंल तं मे मध्ये येजा."

जाम म्हणजे चौक, आणि चौक म्हणजे जाम. नागपूरकडून येणारे, हैदराबादकडे जाणारे, चंद्रपूरला वळणारे ट्रक, आणि सगळ्यांचे भोंगे वेगवेगळ्या सुरात. वनिताने मला प्रत्येक भोंग्याची नक्कल करून दाखवली आणि एका क्लीनरने खरंच वळून बघितलं. तिथे आलुबोंडे खाल्ले. आपला बटाटेवडाच, पण आकाराने दांडगा. वर ओतलेल्या तर्रीकडे मी दुर्लक्ष केलं, ही चूक. पहिल्या घासाला उचकी लागली ती हिंगणघाटची वणा नदी ओलांडेपर्यंत थांबली नाही. मी बोलायला तोंड उघडलं की 'हिक्' व्हायचं आणि वनिता म्हणायची, "हा भोंगा कोन्या गाडीचा?"

ती पाणी प्यायला खिडकीकडे वळली तेव्हा वडील हळूच म्हणाले, "मॅडम, तुम्हीच समजावा तिले. निबंध बरा आहे. शाळेत गॅदरिंगले एकडाव चढली होती स्टेजवर. कुबडी घसरली, पडली. लोक हसले. मी समोरच बसलो होतो. आता पुन्यांदा नाई बसू शकत."

"हिक्," मी म्हटलं.

वडनेर

किसन शाहिराचं घर गावाच्या टोकाला. अंगणात कडुनिंब, त्याखाली सारवलेली जागा. म्हातारा पाटावर बसलेला, उजवा पाय गुडघ्यापासून नाही, डोक्याला गुलाबी फेटा. आम्ही येणार हा निरोप चौकातल्या फोन बूथवरून आधीच पोचला होता, म्हणून दुपारीच पार्टी जमली होती. ढोलकीवाला, दोन झीलकरी आणि मिशी न काढता लुगडं नेसलेला एक नाच्या.

मी ओळख करून घेतली आणि, सवयीने, अत्यंत काळजीपूर्वक विचारलं, "आपण अपंग कलावंत म्हणून..."

"कोन?" शाहीर मागे वळून बघायला लागला. "कोनी आलं का?"

वनिता सायकलवर दुमडून हसली.

"मले लंगडा म्हना नं बाई. पार्टीचं नावच लंगड्या शाहिराची पार्टी आहे. दुसऱ्या किसन शाहिराले लोक फसून सुपारी देत होते, म्हनून ठेवलं. आता तो रडून राह्यला, दोन पाय असून कोनी वळखत नाई त्याले."

मग खेळ सुरू झाला. शाहीर पाटावर, आणि बाकी सगळे त्याच्याभोवती फिरणारे. तो मान वळवेल तिकडे अख्खी पार्टी वळायची. त्याने भुवई उचलली की नाच्या थबकायचा, हात आपटला की ढोलकी उसळायची. मी वहीत लिहायला घेतलं: 'बसलेला माणूस मध्यबिंदू...' तेवढ्यात त्याने गाणं थांबवलं.

"बाई, लिहून काय राह्यल्या? या. झील धरा."

मी नाही म्हटलं. कोणी ऐकलं नाही. गळ्यात झांज आली. वीस वर्षं जे शिकवलं, त्याच्यात मी पहिल्यांदाच पाय ठेवला. मी शाहिराच्या पुढे उभी राहिले तर नाच्या अडखळला. मागे सरकले तर ढोलकीवर बसायची पाळी आली. बाजूला झाले तर चप्पल पाटाच्या फटीत अडकून तिचा अंगठा तुटला. तोवर कुंपणापाशी निम्मं गाव गोळा झालं होतं.

"थांबा रे!" शाहीर ओरडला. "बाईले उभंच राह्यता येत नाई!"

गाव हसलं. नाच्याने पदर तोंडाला लावला. वनिताचे वडील इतके हसले की त्यांना टेम्पोला टेकावं लागलं. आणि मी, हातात तुटकी चप्पल आणि गळ्यात झांज, इतकी हसले की उरलीसुरली भीडही पळाली.

"शिकवा मग," मी म्हटलं.

"हे पाहा. पाय सोडा. त्याचं काम नाई. कोनाशी बोलून राह्यल्या त्याच्या डोळ्यात पाहा. नजर हालवू नोका. त्याची नजर तुम्ही धरली का तुम्ही उभ्या. सोडली का पडल्या. मंग तुम्ही बसा, झोपा, झाडावर चढा."

"पण मग हिला खडी का म्हणतात?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी वर्गात उशिरा आलेल्या मुलाकडे बघते. "गंमत खडी असते बाई. मानूस नाई."

तिसऱ्या प्रयत्नाला मला झील जमली, अनवाणी. नंतर गोवऱ्यांत भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी आणि ताक. माझ्या ताटात वाटीभर कोथिंबीर वेगळी वाढली होती. भोयर वहिनींचा निरोप वनितामार्फत वडनेरपर्यंत पोचला होता. मी ती खाल्ली.

परतताना टेम्पोत मी वनिताला सांगून टाकलं. मनात ठेवून जड होण्यात मला रस नाही. "ती सूट मी लिहिली होती. रकानाही माझाच."

गाडीचा भोंगा वाजला तरी तिने नक्कल केली नाही. मग एकदम म्हणाली, "म्हंजे त्या तुम्हीच का? दोन वर्षं मी ज्या माणसाले शिव्या देऊन राह्यली, तो माह्या बाजूले बसून आलुबोंडा खाऊन राह्यला होता?"

"कोणत्या शिव्या?"

तिने सांगितल्या. वडील ओशाळून समोर बघत राहिले. दोन मला नवीन होत्या, त्या मी लक्षात ठेवल्या.

शनिवार, विभागात

शुक्रवार नियमांत गेला. नियम मीच लिहिला असल्याने त्याला भोक कुठे आहे हे शोधायला मीच योग्य होते. दुपारी ते सापडलं.

"भोयर सर, सूट मागितल्याचा वनिताचा अर्ज दाखवा."

सरांनी दोन फायली उलथ्या केल्या. "अर्ज तं नाई मॅडम."

"मागितलीच नसेल तर दिली कशी? अर्ज नाही, सूट नाही. यादीत नाव घाला."

सरांच्या चेहऱ्यावर इतका आनंद पसरला की मला कळलं, माणसाला दोन वर्षं हेच हवं होतं, फक्त कोणीतरी नियमाच्या भाषेत सांगायला हवं होतं. "पण मॅडम, तो उभं राहण्याचा रकाना?"

"तो भरायला मी आहे."

शनिवारी वनिता शेवटून दुसरी. दालनात दीडशेक माणसं. वडलांनी दुकानातली निळी ताडपत्री पडदा म्हणून बांधली होती, स्वतःच्या गाठींनी, पण स्वतः मात्र दाराबाहेर उभे होते. आत यायला तयार नव्हते.

पडदा सरकला आणि तीनचाकी भोंगा वाजवत आत आली. चंद्रपूरचा ट्रक, मला लगेच ओळखू आला. प्रवेश तिने स्वतः लिहिलेला: जामच्या चौकात गाडी अडकली आहे, आणि ड्रायव्हर, हवालदार, चहावाली तिन्ही तीच. हवालदार झाली की मान डावीकडे, चहावाली झाली की उजवीकडे, आणि ड्रायव्हर झाली की थेट आमच्याकडे. पहिल्या मिनिटाला एक जण हसला, मग ओळ हसली, मग सगळं दालन. दाराकडे माझं लक्ष होतं. हसू ऐकून वडलांनी भीत भीत मान आत घातली. लोक पोरीला हसत नव्हते, हवालदाराला हसत होते. ते बघायला त्यांना काही क्षण लागले. मग ते आत आले आणि जमिनीवरच बसले.

आणि तेव्हाच सायकलची साखळी उतरली.

पॅडल नुसतंच फिरलं. प्रवेशात तिला गाडी काढून निघून जायचं होतं, आणि गाडी जागची हलेना. वडील उठायला लागले. वनिताने पॅडल सोडलं, पहिल्या रांगेत बसलेल्या भोयर सरांवर नजर रोखली आणि हवालदाराच्या आवाजात ओरडली, "ओ साहेब! पाहून काय राह्यले? खाली उतरा, धक्का मारा!"

सरांनी इकडे तिकडे पाहिलं. नजर सुटेना. ते उठले, रंगमंचावर चढले आणि कोट सावरत सायकल ढकलायला लागले. "जोरात! जेवले नाई का?" विभागप्रमुखांनी जोर लावला. हशा आणि टाळ्या कोसळल्या. भोंगा वाजवत ट्रक पडद्याआड गेला, आणि सर टाळ्यांत एकटेच उरले म्हणून त्यांनी वाकून नमस्कार केला.

मी रकाना भरला. उभं राहणं: दहापैकी नऊ.

तिथला रिवाज असा की प्रात्यक्षिकाचे गुण त्याच संध्याकाळी फलकावर लागतात. मी स्टेशनवर पोचले, खिडकीची जागा सापडली, वहिनींनी बांधून दिलेला गोरसपाक बिस्किटांचा डबा आणि त्यावरची कोथिंबिरीची जुडी मांडीवर घेतली. तेवढ्यात फलाटावर हमालांना बाजूला सारत तीनचाकी येताना दिसली. मागे वडील धावत होते. निरोप द्यायला आली असेल, म्हणून मी चेहरा त्या बेताचा केला.

"मॅडम!" ती खिडकीखालून ओरडली. "उभं राहण्यात एक मार्क काऊन कापला?"

"साखळी उतरली तेव्हा तू खाली पाहिलंस. साखळीकडे. एक श्वासभर नजर सुटली."

"साखळी उतरली तं पाहीन नाई तं काय!"

"शाहिराने पाहिलं नसतं."

"मामाआज्याले साखळी कुठं आहे? हा कोनता न्याय आहे? सरांले धक्का मारायले लावला त्याचा मार्क कोन्या रकान्यात टाकला?"

"पोट्टे, निघू दे त्यांले," वडील म्हणाले, पण हसत होते. गाडी हलली. ती पॅडल मारत सोबत येत राहिली आणि भांडत राहिली.

"पटत नसेल तर अर्ज कर!" मी खिडकीतून ओरडले.

"करतोच!"

तिने केला. पंधरा दिवसांनी फेरतपासणीचा अर्ज माझ्या टेबलावर आला. दोन पानं, मुद्देसूद, तिसरा मुद्दा तर चांगलाच बिनतोड. मी तो दोनदा वाचला, आणि नऊ कायम ठेवले.